पावसाचा हिशेब मांडणारा गणिती : गिल्बर्ट वॉकर

पुण्यात शिवाजीनगरला उतरणाऱ्याला 'शिमला ऑफिस' कुठे, हे विचारावे लागत नाही. बसथांब्याला, चौकाला, रिक्षावाल्यांच्या बोलण्यात हे नाव रुळलेले आहे. हिमाचलातल्या थंड हवेच्या गावाचे नाव पुण्यातल्या दगडी इमारतीला का, हा प्रश्न मात्र क्वचितच कोणी विचारतो. भारतीय हवामान खात्याचे मुख्यालय १९२८ मध्ये शिमल्याहून पुण्याला आले आणि येताना आपले जुने नाव घेऊन आले. पुढे १९४४ मध्ये मुख्यालय दिल्लीला गेले, तरी नाव इथेच राहिले. त्या शिमल्यातल्या कचेरीत वीस वर्षे बसून पावसाचा अंदाज बांधू पाहणारा माणूस म्हणजे सर गिल्बर्ट वॉकर. ज्या कामासाठी त्यांना भारतात आणले, ते त्यांना हवे तसे साधले नाही. पण त्या प्रयत्नात हाती लागलेली गोष्ट आज साऱ्या जगाला दुष्काळाची आणि महापुराची चाहूल काही महिने आधी देते.

पूर्वसूचना म्हटले की पुणेकरांना १२ जुलै १९६१ चे पानशेत आठवते. धरण फुटल्यावर नदीकाठच्या पेठांच्या हाती जो वेळ होता, तो तासांत मोजण्याचा होता. चक्रीवादळाचा इशारा दिवसांत मोजतात. दुष्काळाचे तसे नाही. तो दबक्या पावलांनी येतो आणि तो आला आहे हे कळेपर्यंत पेरणी वाया गेलेली असते. त्याची सूचना उपयोगी पडायची, तर ती महिने आधी मिळायला हवी. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी हा प्रश्न अभ्यासापुरता नव्हता, तो जगण्या-मरण्याचा होता.

१८७६ मध्ये दख्खनवर पाऊस रुसला आणि १८७७ मध्ये तर देशभरच त्याने दगा दिला. पुणे, नगर, सोलापूर, सातारा या जिल्ह्यांत माणसे आणि गुरे देशोधडीला लागली. देशभरात या दुष्काळाने पन्नास लाखांहून अधिक बळी घेतले. पुण्याच्या सार्वजनिक सभेने गावोगावची माहिती गोळा करून सरकारपुढे मांडली. सदाशिव पेठेत राहणारे, लष्कराच्या हिशेब खात्यात नोकरी करणारे वासुदेव बळवंत फडके दुष्काळी मुलुखाची दैना पाहून पेटून उठले आणि १८७९ मध्ये त्यांनी बंडाचे निशाण उभारले. तिकडे सरकारी पातळीवरही एक प्रश्न टोचू लागला होता. पाऊस येणार नाही हे आधी कळले असते, तर धान्याची आणि मदतकामांची तयारी करता आली असती का?

हवामान खाते १८७५ मध्येच स्थापन झाले होते. त्याचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांच्या असे लक्षात आले की, हिमालयात उशिरापर्यंत जास्त बर्फ पडले, तर पुढचा पावसाळा उणा जातो. या आधारावर त्यांनी १८८२ पासून चाचपडत आणि १८८६ पासून नियमाने पावसाळ्याचा अंदाज द्यायला सुरुवात केली. त्यांच्या जागी आलेल्या जॉन इलियट यांनी अंदाजांचा पसारा वाढवला. हिंदी महासागरावरचे वारे, मॉरिशसची हवा, ऑस्ट्रेलियाकडचा दाब असे सगळे त्यांनी विचारात घेतले. पण १८९९ मध्ये त्यांचा अंदाज चांगल्या पावसाचा होता आणि प्रत्यक्षात पडला तो शतकातल्या अतिभीषण दुष्काळांपैकी एक. गुजरात-राजस्थानात तो 'छप्पनिया' म्हणून आजही लोकांच्या तोंडी आहे. वृत्तपत्रांनी खात्यावर एवढी टीका केली, की पुढे काही वर्षे हे अंदाज जाहीर न करता सरकारदरबारीच ठेवले जात. चुकीची सूचना ही सूचना नसण्याहून वाईट ठरू शकते, हा धडा खात्याला महागात पडून मिळाला होता. आपल्यानंतर या खुर्चीवर पक्का गणिती हवा, असे इलियट यांना वाटू लागले आणि त्यांची नजर केंब्रिजकडे वळली.

गिल्बर्ट टॉमस वॉकर यांचा जन्म १४ जून १८६८ रोजी इंग्लंडमधल्या रॉचडेल या गिरणगावी झाला. वडील स्थापत्य अभियंते होते. लंडनच्या सेंट पॉल्स शाळेतून शिष्यवृत्ती मिळवून हा मुलगा केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात गेला आणि १८८९ मध्ये गणिताच्या परीक्षेत पहिला, म्हणजे 'सीनियर रँग्लर' झाला. बरोबर दहा वर्षांनी, १८९९ मध्ये, पुण्याच्या रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांनी तोच मान मिळवला आणि रँग्लर हा शब्द मराठी घराघरांत पोचला.

परीक्षेच्या ताणाने वॉकर यांची प्रकृती मात्र ढासळली. प्रकृती सुधारण्यासाठी त्यांना काही हिवाळे स्वित्झर्लंडमध्ये काढावे लागले. तिथे ते बर्फावर घसरण्याचा खेळ शिकले आणि त्यात पारंगत झाले. केंब्रिजला परतल्यावर त्यांना बूमरँगचे वेड लागले. फेकल्यावर फिरून परत येणारे हे ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींचे हत्यार कॉलेजमागच्या हिरवळीवर ते तासन्‌तास फेकत बसत. ते परत का येते याचे गणित त्यांनी मांडले आणि मित्रांनी त्यांचे नावच बूमरँग वॉकर ठेवले. बासरीच्या रचनेतही त्यांनी असेच डोके घातले. मात्र हवामानशास्त्राशी त्यांचा तोवर काडीमात्र संबंध नव्हता. विद्युतचुंबकत्वावरचे त्यांचे काम नावाजलेले होते आणि १९०४ मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. अशा माणसाला इलियट यांनी १९०३ मध्ये आपला मदतनीस म्हणून भारतात आणले. १९०४ च्या आरंभी, वयाच्या छत्तिसाव्या वर्षात, वॉकर देशातल्या सर्व वेधशाळांचे महासंचालक झाले.

एखाद्याने आल्याआल्या मोठा सिद्धांत मांडला असता. वॉकर यांनी तसे केले नाही. हवेच्या हालचालींची समीकरणे मांडून पावसाळा काढता येईल एवढे ज्ञान तेव्हा कोणाकडेच नव्हते, हे त्यांनी लवकर ओळखले. वातावरणाच्या वरच्या थरांत काय चालते, याच्या नोंदी जवळपास नव्हत्या. हाती होते ते जमिनीवरचे आकडे: कुठल्या गावी किती पाऊस पडला, कुठे हवेचा दाब किती होता, कुठे किती थंडी पडली. मग त्यांनी आकड्यांनाच प्रश्न विचारायचे ठरवले.

यासाठी त्यांनी वापरले ते सहसंबंधाचे गणित. दोन गोष्टी एकमेकींसोबत किती चढतात-उतरतात, हे एका आकड्यात सांगता येते. दोन्ही अगदी बरोबरीने वाढत असतील, तर तो आकडा एक येतो. एक वाढताना दुसरी तेवढीच घटत असेल, तर उणे एक. काहीच नाते नसेल, तर शून्याच्या आसपास. आज हे काम मोबाइलवर निमिषात होते. वॉकर यांच्याकडे होते ते भारतीय कारकून. जगभरच्या वेधशाळांतून आलेले आकडे त्यांनी कागदावर उतरवले, गुणले, बेरजा मारल्या, तपासले. दक्षिण अमेरिकेतला हवेचा दाब आणि दख्खनचा पाऊस, झांझिबारचा पाऊस आणि पंजाबचा पाऊस, हिमालयातले बर्फ आणि मॉरिशसची हवा अशा असंख्य जोड्या लावून पाहिल्या गेल्या. यंत्र नसलेल्या काळातला हा माणसांचा संगणक होता आणि त्यातल्या बहुतेकांची नावे आज कोणाला ठाऊक नाहीत.

या पद्धतीत एक मोठा खड्डा आहे आणि वॉकर यांचे मोठेपण तो खड्डा ओळखण्यात आहे. समजा, सव्वाशे लोकांनी प्रत्येकी सात वेळा नाणे उडवले. त्यातल्या एखाद्याला सातही वेळा छापा पडणे अगदी साहजिक आहे. पण फक्त त्या एकाकडे पाहिले, तर त्याच्या हातात जादू आहे असे वाटेल. शेकडो जोड्या तपासल्या की काही जोड्यांचे नाते निव्वळ योगायोगाने घट्ट दिसणारच. त्यावर विसंबून अंदाज दिला, की दोन-चार वर्षांत तो तोंडघशी पाडणार. वॉकर यांनी १९१४ मध्ये याचीच कसोटी मांडली. जितक्या जास्त जोड्या तपासाल, तितकी विश्वासाची पातळी वर न्यायला हवी, हा त्यामागचा विचार. आज औषधांच्या चाचण्यांपासून जनुकांच्या अभ्यासापर्यंत हीच काळजी घ्यावी लागते.

या कसोटीवर त्यांनी त्या काळातले कितीतरी लाडके समज घासून पाहिले. सूर्यावरच्या डागांचे चक्र पाऊस ठरवते, असे अनेक विद्वान मानत होते. वॉकर यांना त्यात अंदाज बांधण्याजोगे फारसे काही सापडले नाही आणि त्यांनी ते तसे छापले. भारताचे हवामान कायमचे बदलून पाऊस कमी होत चालला आहे का, हेही त्यांनी १९१० मध्ये जुन्या नोंदींवरून तपासले. तेव्हाच्या आकड्यांत त्यांना तसा पुरावा दिसला नाही. लोकांना आवडेल ते सांगण्यापेक्षा आकडे काय म्हणतात ते सांगायचे, ही त्यांची शिस्त होती.

चौकटीबाहेरचे गुण ओळखण्याची नजरही त्यांच्याकडे होती. १९१३ च्या फेब्रुवारीत ते कामानिमित्त मद्रासला गेले असता, बंदर कचेरीतल्या एका कारकुनाच्या गणिताच्या वह्या त्यांना दाखवण्यात आल्या. वह्यांतले गणित आपल्या विषयाचे नाही, पण ते असामान्य आहे, हे त्यांनी ओळखले. या तरुणाला पोटाची चिंता न करता काम करू द्यावे, अशी शिफारस त्यांनी मद्रास विद्यापीठाला पत्राने केली. त्यानंतर त्या कारकुनाला दरमहा ७५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. तो कारकून म्हणजे श्रीनिवास रामानुजन. शिमल्याच्या टेकड्यांवर पंख न हलवता घिरट्या घालणारे मोठे पक्षी वॉकर तासन्‌तास न्याहाळत आणि त्यांना वर उचलणाऱ्या वाऱ्याचा विचार करत. प्रयोगशाळा त्यांना कुठेही सापडे.

पावसाळ्याच्या अंदाजासाठी त्यांनी १९०९ पासून नवे सूत्र वापरायला सुरुवात केली. मे महिन्याच्या अखेरीस हिमालयात साठलेले बर्फ, दक्षिण अमेरिकेतला वसंत ऋतूतला हवेचा दाब, मॉरिशसचा मेमधला दाब आणि झांझिबारचा एप्रिल-मेमधला पाऊस, असे त्याचे मुख्य आधार होते. प्रत्येकाला त्याच्या भरवशाप्रमाणे वजन द्यायचे आणि सगळे मिळून एक आकडा काढायचा. अधिकाऱ्याच्या अनुभवावर आणि अटकळीवर चालणारे काम प्रथमच तपासता येईल अशा गणितावर आले. चूक झाली तर ती नेमकी कुठे झाली, हे आता शोधता येणार होते. आणखी एक गोष्ट त्यांनी जाणली. साऱ्या देशाला मिळून एकच अंदाज देण्यात अर्थ नाही, कारण ईशान्य भारत भिजत असताना दख्खन कोरडे राहू शकते. म्हणून त्यांनी द्वीपकल्प, वायव्य आणि ईशान्य असे विभाग वेगळे काढले.

तरीही निसर्ग सूत्राला बांधला गेला नाही. सूत्र रचताना जी नाती घट्ट वाटत होती, त्यांतली काही पुढच्या वर्षांत सैल होत गेली. त्यातच महायुद्ध आले आणि खात्यातली माणसे कमी झाली. १९१८ मध्ये पुन्हा भीषण अवर्षण पडले आणि त्याच वर्षी इन्फ्लुएंझाची साथ आली. उपासमारीने खंगलेल्या शरीरांवर आजाराने घाला घातला आणि देशात एक कोटीहून अधिक माणसे दगावली. दुष्काळ आणि रोगराई या वेगळ्या आपत्ती नसतात, हे त्या वर्षाने पुन्हा दाखवले. याच सुमारास पंजाबात आरोग्य खात्याचे सी. ए. गिल यांनी पाऊस, धान्याचे भाव आणि तापाने होणारे मृत्यू यांची सांगड घालून मलेरियाच्या साथीची पूर्वसूचना देण्याची पद्धत १९२१ पासून सुरू केली. पावसाचे आकडे आरोग्याचा इशारा देऊ शकतात, ही कल्पना भारतात अशी रुजली.

पावसाळा हाती येत नसताना वॉकर यांच्या तक्त्यांतून एक वेगळेच चित्र उमटू लागले होते. प्रशांत महासागरावर हवेचा दाब वाढला, की हिंदी महासागराच्या बाजूला, म्हणजे मॉरिशसपासून जावा आणि उत्तर ऑस्ट्रेलियापर्यंत, तो उतरतो. काही वर्षांनी उलटे होते. जणू दोन महासागर एका भल्यामोठ्या सी-सॉच्या दोन टोकांना बसले आहेत. एक टोक वर गेले की दुसरे खाली आणि त्याबरोबर हजारो किलोमीटरवरचा पाऊस इकडचा तिकडे. वॉकर यांनी १९२४ मध्ये या हेलकाव्याला 'सदर्न ऑसिलेशन', म्हणजे दक्षिणी आंदोलन, असे नाव दिले. उत्तर अटलांटिक आणि उत्तर प्रशांतावरचे तसेच दोन छोटे हेलकावेही त्यांनी वेगळे दाखवले. भारताचा पावसाळा ही फक्त भारताची गोष्ट नाही, ती अर्ध्या पृथ्वीवर पसरलेल्या एका यंत्रणेचा भाग आहे, हे आकड्यांच्या भाषेत त्यांनी दाखवून दिले.

त्याच वर्षी ते निवृत्त झाले, त्यांना सर हा किताब मिळाला आणि ते लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात हवामानशास्त्राचे प्राध्यापक झाले. तिथे १९३४ पर्यंत शिकवले, पुढेही संशोधन चालू ठेवले. पण दक्षिणी आंदोलनाला फारसे चाहते मिळाले नाहीत. असे का होते, याचे उत्तर वॉकर यांच्याकडे नव्हते आणि कारण सांगता न येणाऱ्या आकड्यांकडे शास्त्रज्ञ संशयाने पाहतात. समुद्राच्या नोंदी अपुऱ्या होत्या. शिवाय त्यांच्याच आकड्यांनी एक अडचण पुढे आणली होती. दक्षिणी आंदोलनाचा पावसाळ्यानंतरच्या महिन्यांशी असलेला संबंध पावसाळ्याआधीच्या महिन्यांपेक्षा पक्का दिसत होता. म्हणजे मान्सून हा केवळ हुकूम पाळणारा नोकर नव्हता, त्या यंत्रणेत त्याचाही हात होता. ४ नोव्हेंबर १९५८ रोजी, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, इंग्लंडमधल्या कूल्सडन येथे वॉकर वारले, तेव्हा त्यांचे हे काम अडगळीत पडल्यासारखेच होते.

योगायोग असा की, त्याच काळात त्यांच्या प्रश्नाचे उत्तर प्रशांत महासागरावर मोजले जात होते. १९५७-५८ मध्ये आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्षानिमित्त जगभर नोंदी घेतल्या जात असतानाच पेरूच्या किनाऱ्याजवळचे पाणी तापवणारा मोठा एल निनो आला. ते आकडे पुढे याकोब ब्यर्कनेस या शास्त्रज्ञाच्या हाती पडले. नेहमी व्यापारी वारे प्रशांताचे उबदार पाणी पश्चिमेकडे, इंडोनेशियाच्या बाजूला ढकलतात. तिथे हवा वर चढते, पाऊस पडतो आणि वरून पूर्वेकडे गेलेली कोरडी हवा पेरूजवळ खाली उतरते. वारे मंदावले की उबदार पाणी पूर्वेला सरकते आणि पावसाचे केंद्रही त्याच्यामागे जाते. मग भारताच्या बाजूला हवा खाली बसू लागते आणि पाऊस रोडावतो. एल निनो आणि वॉकर यांचे आंदोलन ही एकाच नाण्याची दोन अंगे आहेत, हे ब्यर्कनेस यांनी दाखवले आणि हवेच्या या चक्राला १९६९ मध्ये वॉकर अभिसरण असे नाव दिले. मागे वळून पाहता १८७७, १८९९ आणि १९१८ ही तिन्ही वर्षे एल निनोची होती. महाराष्ट्राने भोगलेले १९७२ हेही.

१९८२-८३ च्या प्रबळ एल निनोनंतर प्रशांतावर तरंगत्या यंत्रांचे जाळे उभारण्यात आले. १९९४ पर्यंत ते पूर्ण झाले आणि आज समुद्र तापू लागला की काही महिने आधी जगाला ते कळते. पेरूचा मच्छीमार, ऑस्ट्रेलियाचा मेंढपाळ आणि मराठवाड्याचा कापूस उत्पादक यांना ही सूचना एकाच वेळी मिळू शकते. पुण्यात शिवाजीनगरचा हवामान विभाग आणि पाषाणची उष्णदेशीय हवामान संस्था हेच काम पुढे नेत आहेत. एप्रिलमध्ये पहिला अंदाज येतो आणि मेच्या अखेरीस सुधारित. देशाची सरासरी ८७ सेंटिमीटर धरली, तर ९६ ते १०४ टक्के पाऊस म्हणजे सर्वसाधारण पावसाळा.

तरी खात्री कोणी देत नाही. १९९७ चा एल निनो शतकातला एक बलाढ्य होता, पण हिंदी महासागराच्या दोन टोकांतल्या तापमानाच्या फरकाने साथ दिली आणि भारतात पाऊस सर्वसाधारण झाला. २००२ मध्ये सर्वसाधारण पावसाचा अंदाज होता आणि दुष्काळ पडला. म्हणूनच आजचे अंदाज शक्यतेच्या भाषेत येतात. उणा पाऊस पडण्याची शक्यता चाळीस टक्के आहे, असे वाचले की काहींना ही पळवाट वाटते. ती पळवाट नाही. १८९९ मध्ये ठामपणे सांगितले गेले आणि ते चुकले. आपल्याला किती माहीत आहे आणि किती नाही, हे आकड्यात सांगणे ही वॉकर यांची परंपरा आहे. चाळीस टक्के शक्यतेवर धरणातले पाणी जपता येते, कमी पाण्याचे बियाणे निवडता येते, चारा छावण्यांची आणि टँकरची तयारी ठेवता येते, साथीच्या आजारांवर नजर ठेवता येते. खात्रीची वाट पाहत बसले, तर यातले काहीच वेळेवर होत नाही.

शेवटी सूचना देणे हे निम्मेच काम असते. १८७७ मध्ये देशात पाऊस नव्हता, पण धान्य परदेशी जात होते. तेव्हा अचूक अंदाज हाती असता, तरी तो ऐकणारा आणि कोठारे उघडणारा कोणी हवा होता. १९७२ मध्ये अंदाजाचे शास्त्र आजच्याइतके पुढे गेले नव्हते. तरी महाराष्ट्रात लाखो लोकांना दुष्काळी कामांवर मजुरी मिळाली आणि शंभर वर्षांपूर्वीचे मृत्यूचे तांडव टळले. तेव्हा ती कामे दुष्काळ पडल्यावर काढावी लागली होती. आता वॉकर यांच्या आकड्यांतून निघालेला इशारा एप्रिलमध्येच हाती येतो. त्या इशाऱ्यानंतर पहिला पाऊस पडेपर्यंतचे सहा-सात आठवडे हीच त्या कामाची खरी किंमत आहे.